थंडीत हॉट एअर ब्लोअर लावताना: जळालेली हवा कुठे जाते ते आधी पाहा

थंडीचा कडाका सुरू होण्याआधीच इंधनावर चालणारा हॉट एअर ब्लोअर बाहेर काढून तपासून घ्या. कोंबडीच्या पिल्लांचे शेड किंवा रोपवाटिका पटकन तापवायची तर हे यंत्र फार कामाचे आहे. मात्र त्याच्या तोंडातून उष्णतेबरोबर आणखी काय काय बाहेर पडते, हे समजल्याशिवाय ते बंदिस्त जागेत लावू नका.

डिझेल किंवा रॉकेलच्या यंत्रात मागच्या बाजूला विजेची मोटर असते. ती पंखा फिरवते आणि बऱ्याच यंत्रांत हवेचा छोटा पंपही तीच चालवते. पंपाची हवा नोझलमधून जोरात सुटताना टाकीतले इंधन ओढून घेते, त्याचे बारीक तुषार होतात आणि ठिणगीने ते पेटतात. ज्वाळा आतल्या नळकांड्यात जळत राहते. पंख्याची हवा त्यातून आणि त्याच्या भोवतीने वाहते, तापते आणि पुढच्या तोंडातून फेकली जाते. ज्वाळेचा उजेड टिपणारा फोटोसेल आत असतो, ज्वाळा दिसेनाशी झाली की तो यंत्र बंद पाडतो. गॅसच्या यंत्रात पंपाची गरज नसते, कारण सिलिंडरचा दाबच गॅस पुढे ढकलतो.

आता मुख्य मुद्दा. चिमणी नसलेल्या यंत्रात जळणातून निघालेले सगळे वायू गरम हवेत मिसळून थेट आत येतात. १ लिटर डिझेल जळले की साधारण १० युनिट विजेइतकी उष्णता मिळते. पण त्यासाठी सुमारे १० घनमीटर हवा खर्ची पडते आणि जवळपास १ लिटर पाण्याची वाफ तयार होते. रात्रभर यंत्र चालले तर ही वाफ कुठे जाणार? थंड छतावर आणि पडद्यांवर तिचे पाणी होते, पिल्लांखाली पसरलेली भुशाची गादी ओली होते आणि ओल्या गादीतून अमोनिया उठतो. त्यातच ऑक्सिजन कमी पडला तर जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो. अशा शेडमध्ये यंत्र सुरू ठेवून कोणीही झोपू नये.

म्हणून उष्णता वाया जाते असे वाटले तरी पडदे पूर्ण बंद करू नका. वरच्या बाजूची फट कायम उघडी ठेवा. त्यासाठी थोडे जास्त इंधन जळाले तरी चालेल, तो खर्च टाळण्यासारखा नाहीच.

हरितगृहासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: चिमणीचेच यंत्र घ्या. त्यात ज्वाळेचे वायू बंद कप्प्यातून जाऊन धुराड्याने बाहेर पडतात आणि आत फक्त तापलेली स्वच्छ हवा येते. अर्धवट जळणातून इथिलीनही निघतो. तो अगदी थोडा असला तरी टोमॅटोची फुले गळतात, पाने खाली वाकतात. शेतकरी मग रोगाचा शोध घेत बसतो. धुराड्यातून काही उष्णता जाते खरी, पण पीक वाचते.

यंत्राचे तोंड पिल्लांवर किंवा रोपांवर थेट रोखू नका. समोर किमान ३ मीटर जागा मोकळी असू द्या. पडदा, पेंढा, रिकामी पोती तिथे नकोत. गरम हवा वर चढते, त्यामुळे थर्मामीटर छताजवळ टांगून उपयोग नाही, तो पिल्लांच्या किंवा रोपांच्या उंचीवर हवा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान लागते. पिल्ले एका जागी गोळा होऊन बसली तर थंडी आहे, यंत्रापासून लांब पळत असतील तर उष्णता जास्त झाली.

पांढरा धूर दिसला तर इंधन न जळता बाहेर पडते आहे, काळी काजळी धरली तर हवा कमी पडते आहे. दोन्ही वेळा यंत्र बंद करून फिल्टर आणि नोझल साफ करा, फोटोसेलची काच मऊ कापडाने पुसा. टाकीत पाणी किंवा गाळ जाऊ देऊ नका. पेट्रोल तर कधीच घालू नका, त्याने स्फोट होतो. इंधन भरायचे ते यंत्र पूर्ण थंड झाल्यावर आणि शेडच्या बाहेरच. बंद करताना प्लग ओढू नका. बटणाने बंद करा आणि पंखा आतला भाग थंड करून थांबेपर्यंत वीज चालू ठेवा.

गॅस वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: कडक थंडीत सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरला की दाब उतरतो आणि ज्वाळा मंदावते. तेव्हा सिलिंडर यंत्रासमोर ठेवून तापवू नका. मोठा सिलिंडर किंवा दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्या.