गॉस्पेलच्या वळणाचं गाणं बांधायचं असेल तर

भजनी मंडळात पेटी वाजवते, चाली बांधते. नवे गीतकार गॉस्पेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांचा, बाज मागतात आणि थेट ऑर्गन नि वीस जणांचा कोरस लावतात. ते राहू द्या. आधी दोन गाणी पाठोपाठ ऐका: सदर्न टोन्स या गॉस्पेल गटाचं 'इट मस्ट बी जीझस' आणि त्यावरून गायक रे चार्ल्स यांनी 1954 साली केलेलं 'आय गॉट अ वुमन'. येशूच्या जागी प्रेयसी आली, पण जोर तोच राहिला. काय बदललं, काय राहिलं, ते वहीत लिहून काढा.

मग ओळ. अमेरिकेत श्रद्धा पुन्हा जागवायला भरणाऱ्या ख्रिस्ती सभांना आलेल्या पुष्कळांना वाचता येत नसे, म्हणून ध्रुवपद पहिल्यांदा ऐकताच उचलता येईल असं असायचं. आपले झीलकरी मागून सूर धरतात, तशी इथे उत्तराला जागा हवी:

रात्र फार मोठी – उजाडेल!
तेल सरत आलं – उजाडेल!
पोर अजून जागं – उजाडेल!

मुख्य गायकाची ओळ दर वेळी नवी, लोकांचं उत्तर तेच. गायकाची ओळ लांबली की लोकांची जागा जाते. शब्द निर्दयपणे कापा. तिसऱ्या फेरीत मुख्य गायकानं उत्तर संपायच्या आतच पुढची ओळ उचलावी. अंगावर काटा येतो तो इथे.

टाळी चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीनं समेवर पडतो, म्हणून पायानं सम धरा. कडव्याच्या शेवटी म-ध-सां या स्वरमेळावरून सा-ग-प वर उतरा. चर्चमधलं 'आमेन' असंच उतरतं. शेवटचं ध्रुवपद पांढरी एकवरून काळी एकवर चढवा, एकदाच. दोनदा चढवलं की गायकाचा गळा आणि गाण्याचा भाव दोन्ही ताणले जातात.

देवाचं नाव नुसत्या सजावटीला वापरू नका, हे मी कळकळीनं सांगते. अमेरिकी गीतकार पॉल सायमन यांना गॉस्पेल गायक क्लॉड जीटर यांच्या गाण्यातली खोल पाण्यावरच्या पुलाची एकच ओळ भिडली. त्यातून 1970 चं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' उभं राहिलं: देवाचं वचन माणसानं माणसाला दिलं. तुमच्या गाण्यात कोण कुणाला कसलं वचन देतंय, ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमेपर्यंत चालीला हात लावू नका.