मुलांच्या ओसीडीवर दोन-तीन उपचार एकत्र करताय? या चुका टाळा

ओसीडी म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यांची भीती घालवायला हात धुण्यासारखे विधी परत परत करणं. त्यावर उपचार जोडायला माझा विरोध नाही. 2004 साली अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 112 मुलांवर झालेल्या पॉट्स अभ्यासात 12 आठवड्यांनंतर सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) आणि सर्ट्रालीनची गोळी दोन्ही मिळालेल्यांपैकी जवळपास 54 टक्के मुलांचा ओसीडी आटोक्यात आला. नुसत्या सीबीटीने 39, नुसत्या गोळीने 21. पण तिथे दोन्ही उपचार एकाच दिशेने ओढत होते. आपल्याकडे जे मिळेल ते टाकून खिचडी करतात.

डोकं उठवणारी चूक म्हणजे ईआरपी (ओसीडीसाठीच्या सीबीटीतली मुख्य पद्धत) चालू असताना मध्येच मन शांत करायचं तंत्र घुसवणं. ईआरपीत भीतीची गोष्ट करायची आणि नंतरचा विधी टाळायचा. काही न करताही भीती सोसता येते, हे मुलाला स्वतःला कळायला हवं. चौथीतली एक मुलगी चपलांच्या कपाटाला हात लावून न धुता बसण्यापर्यंत आली होती. घरच्यांना घाई! त्यांनी गुपचूप रिलॅक्सेशनचा क्लास लावला. तिथे शिकवलं : भीती वाटली की दीर्घ श्वास आणि अकरा वेळा रामनाम. हात धुणं थांबलं, सगळे खूश. मग शाळेतून तक्रार आली की हजेरीला ही ओ देत नाही. जप मध्येच तुटला की पोरगी पहिल्यापासून सुरू करायची. साबण गेला, त्या जागी जप बसला. रामनामाला माझी ना नाही, तिन्हीसांजेला शुभंकरोतीनंतर खुशाल म्हणा. भीतीवर उतारा म्हणून नको. कोणी नवं तंत्र आणलं की मी एवढंच विचारते, ‘याने भीती लगेच उतरते का?’ हो म्हणाले, की ईआरपीच्या वेळी ते बंद.

‘नको तो विचार आला की मनगटावरचं रबर ओढ’ हेही बंद. विचार दाबला की उलट उसळतो.

गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात. पंधरा दिवसांत डॉक्टर बदलणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत. मनाने गोळी बंद तर मुळीच करू नका.

इकडे ईआरपी आणि घरी आईचं दिवसभर ‘अगं, स्वच्छ आहेत तुझे हात’, हेही नेहमीचंच. असा दिलासा हळूहळू, मुलीला आधी सांगून कमी करायचा. येल विद्यापीठातला स्पेस हा उपचार तर फक्त पालकांसोबतच केला जातो. मी आजीलाही बोलावते; घरात शेवटचा शब्द बहुधा तिचाच असतो.

आणि गोळ्या देणारे डॉक्टर व थेरपिस्ट यांच्यातले निरोप पालकांमार्फत पाठवू नका. मी पालकांसमोरच डॉक्टरांना फोन लावते.