निवडणुकीच्या नियमाने मतदान वाढले का, हे कसे तपासावे?

20 नोव्हेंबर 2024 रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत करवीर मतदारसंघात सुमारे 85 टक्के मतदान झाले, तर त्याला लागून असलेल्या कोल्हापूर उत्तरमध्ये ते 65 टक्क्यांच्या आसपास राहिले. दोन्हीकडे दिवस एकच होता, सकाळी सात ते सायंकाळी सहा ही वेळही एकच होती, आणि ओळखपत्राचे व सुट्टीचे नियमही तेच होते. त्यामुळे या वीस टक्क्यांच्या दरीचे कारण नियमांत शोधण्यात अर्थ नाही; ते गटातटाची ईर्ष्या, लढतीची चुरस आणि शहर-खेड्यातील फरक यांत शोधावे लागेल. नियमांचा अभ्यास करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा स्थानिक पत्रकाराने एक पथ्य सुरुवातीपासून पाळावे: जेथे नियम बदलला आणि बाकीचे बरेचसे तसेच राहिले, तेथेच त्या नियमाचा परिणाम मोजता येतो.

सरावासाठी मतदानाचा वार घ्यावा. 2019 ची विधानसभा निवडणूक सोमवारी, म्हणजे रविवारला जोडून झाली. 2024 मध्ये शहरी मतदारांची उदासीनता लक्षात घेऊन आयोगाने बुधवार निवडला. राज्याचे मतदान सुमारे 61 टक्क्यांवरून सुमारे 66 टक्क्यांवर गेले, पण ही सगळी वाढ बुधवारच्या खात्यावर जमा करता येत नाही. जोडून आलेल्या सुट्टीचा मोह नोकरदार शहरी कुटुंबांना पडतो. जनावरांची धार काढणाऱ्या शेतकऱ्याला सोमवार आणि बुधवार सारखेच. म्हणून शहरातील नोकरदार वस्तीची काही केंद्रे आणि ग्रामीण भागातील काही केंद्रे निवडून दोन्हीकडची पाच वर्षांतील वाढ काढावी आणि शहरी वाढीतून ग्रामीण वाढ वजा करावी. जी शिल्लक उरेल, तिचेच श्रेय फार तर वाराला देता येईल. शिल्लक उरलीच नाही, तर पक्षांतील फुटी, नव्या योजना आणि उमेदवारांची गर्दी यांकडे वळावे लागेल.

या वजाबाकीत एक फसगत होते. ज्या गावात आधीच 85 टक्के मतदान होते, तेथे वाढीला जागाच उरलेली नसते, त्यामुळे तेथील अल्प वाढ हा कशाचाच पुरावा ठरत नाही. तुलनेसाठी पूर्वीचे मतदान मध्यम असलेली गावे घ्यावीत. शिरोळसारख्या तालुक्यातील नदीकाठची गावे घेताना 2019 च्या ऑगस्टमधील महापुराची आठवण ठेवावी, कारण त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत तेथे मतदान झाले होते.

आकडे कोठून घ्यायचे? निकालानंतर प्रसिद्ध होणाऱ्या नमुना 20 मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावरील उमेदवारनिहाय मते आणि ‘नोटा’ची मते असतात, तर केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींना देतो त्या नमुना 17 सीमध्ये त्या केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब असतो. मतदार यादी भागनिहाय मिळते. दोन निवडणुकांची तुलना केवळ केंद्राच्या क्रमांकावरून कधीही करू नये, कारण केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात; एका केंद्रावरील मतदारांची कमाल मर्यादा 2025 मध्ये 1,500 वरून 1,200 वर आणण्यात आली असल्याने पुढील तुलनांत हा गोंधळ वाढणार आहे. गाव, गल्ली आणि यादीतील घरे पाहूनच केंद्रे जुळवावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून काढलेला निष्कर्ष कागदाच्या किमतीचाही नसतो.

आता टक्केवारीच्या छेदाकडे, म्हणजे यादीतील नावांच्या संख्येकडे वळू. माझ्या मते निम्म्याहून अधिक चुका येथेच होतात. टक्केवारी म्हणजे पडलेली मते भागिले यादीतील नावे, आणि नियम या दोन्हींवर परिणाम करू शकतो. आजरा, भुदरगड, चंदगड या भागांतील कितीतरी माणसे कामासाठी मुंबई-पुण्यास राहतात आणि त्यांची नावे गावच्या यादीत असतात. मयत, लग्न होऊन गेलेल्या आणि दुबार नावांची त्यात भर पडते. अशी यादी स्वच्छ केली की एकही मत न वाढता टक्का वाढतो. बिहारमध्ये 2025 च्या विशेष सखोल पुनरीक्षणापूर्वी (मतदार यादीच्या फेरतपासणीपूर्वी) यादीत सुमारे 7.89 कोटी नावे होती, ती अंतिम यादीत सुमारे 7.42 कोटी झाली, आणि मतदान 2020 मधील सुमारे 57 टक्क्यांवरून सुमारे 67 टक्क्यांवर गेले. तेवढीच मते जुन्या यादीवर मोजली तर आकडा 63 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे मते खरोखर वाढली, पण वाढीचा एक भाग छेद लहान झाल्याचाही आहे. वगळलेल्या नावांत खरे मतदार किती होते, हे टक्केवारी कधीच सांगत नाही. त्यासाठी वगळलेल्या नावांची यादी घेऊन घरोघरी जावे लागते.

छेद मोठा करणारे नियम उलटा भास निर्माण करतात. मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणणाऱ्या 61 व्या घटनादुरुस्तीनंतरच्या 1989 च्या लोकसभा निवडणुकीत टक्का 1984 च्या सुमारे 64 वरून सुमारे 62 वर उतरला, पण प्रत्यक्ष मते कोट्यवधींनी वाढली. 1984 ची निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची असल्याने ती तुलनेचा आधार म्हणून तशीही लंगडीच आहे.

गृहमतदानाची तपासणी वेगळ्या रीतीने करावी. 85 वर्षांवरील आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना नमुना 12 डी भरून घरूनच मत देता येते. ही मते टपाली मतांत मोजली जातात, त्यामुळे नमुना 20 मध्ये ती केंद्राच्या ओळीत सापडत नाहीत. परिणामी ज्या गावात ही सोय चांगली राबवली गेली, त्याच गावच्या केंद्राचे मतदान किंचित घटल्यासारखे दिसते.

पगारी सुट्टीची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब मध्ये आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागावर कामाच्या मापाने मजुरी घेणाऱ्या कामगाराला त्या दिवसाचे पैसे मिळतात का, हे मात्र कायदा वाचून कळत नाही, कामगारालाच विचारावे लागते. रांगोळी स्पर्धा आणि जनजागृती फेऱ्या यांचा परिणाम वेगळा काढणे जवळपास अशक्य आहे, कारण त्या सगळीकडे एकाच वेळी होतात. त्यावर वेळ घालवू नये.

मोठा परिणाम मोठ्या नियमांचा होतो. ऑस्ट्रेलियाने 1924 मध्ये मतदान सक्तीचे केले आणि 60 टक्क्यांखाली गेलेले मतदान 1925 मध्ये 90 टक्क्यांवर पोहोचले. नेदरलँड्सने सक्ती उठवल्यावर ते सुमारे 95 टक्क्यांवरून 1971 मध्ये सुमारे 79 टक्क्यांवर आले. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीचा कायदा केला होता, परंतु 2015 मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली.

सहकारी संस्थांचे आकडे या हिशेबात मिसळू नयेत. ‘गोकुळ’ या कोल्हापूर जिल्ह्याच्या दूध संघाच्या निवडणुकीत मतदार म्हणजे प्राथमिक दूध संस्थांनी ठराव करून पाठवलेले प्रतिनिधी असतात, आणि प्रत्येक ठरावधारकापर्यंत दोन्ही पॅनेल पोहोचलेली असतात, म्हणून तेथील जवळपास शंभर टक्के मतदानाची सार्वत्रिक निवडणुकीशी तुलना होऊ शकत नाही.

महापालिकेच्या बाबतीत आणखी सावध राहावे. कोल्हापूरची 2015 ची निवडणूक 81 एकसदस्यीय प्रभागांत झाली. पण एकाहून अधिक सदस्य निवडणाऱ्या बहुसदस्यीय प्रभागात एकच मतदार अनेक मते देतो, त्यामुळे उमेदवारांच्या मतांची बेरीज करून मतदान काढल्यास उत्तर कित्येक पट फुगते. अशा वेळी मतदान केलेल्या व्यक्तींची संख्याच घ्यावी. शिवाय स्थानिक निवडणुकीसाठी विधानसभेची यादी राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेची वापरली जाते. त्या तारखेनंतर नाव नोंदवलेला तरुण छेदातही नसतो आणि अंशातही, म्हणून त्याची गणती करायची असल्यास ती तारीख प्रथम टिपून ठेवावी.