चोवीस काड्यांचा आकाशकंदील: आधी सहा चौकोन, मग बाकी सगळं

दिवाळीच्या तोंडावर घरगुती कंदिलाच्या ज्या कृती फिरतात, त्यातल्या बहुतेकांत एक वाक्य हमखास असतं: ‘आता सगळ्या काड्या एकमेकींना बांधून सांगाडा तयार करा.’ एवढंच. पुढची दोन पानं कागदाचे रंग, कागदी करंज्या, झिरमिळ्या यांवर. खरं काम त्या एका वाक्यात आहे आणि तेच कुणी सांगत नाही. मग लोक रात्र जागून कंदील करतात, सकाळी तो गॅलरीत लावला की खालची बाजू एकीकडे आणि वरची दुसरीकडे वळलेली दिसते. आमच्याकडे खानदेशात, अमळनेरला माझ्या सासूबाई लांबून बघूनच सांगायच्या, ‘हाऊ कंदील पिळाई गया.’ त्या पिळावर माझी बरीच वर्षं गेली, म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा त्यालाच देते आहे.

आमच्या घरात सजावट विकत आणायची पद्धत नाही. पोळ्याचे बैल मातीचे, घरीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची आरास घरची. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसली की तिच्या मागचा मखर पोरी करतात आणि कोजागिरीला भुलाबाई उठली की दुसऱ्या दिवशी कंदिलासाठी बांबूच्या कामट्या पाण्यात पडतात. दिवाळीला तेव्हा पंधरवडा राहिलेला असतो, तेवढा पुरतो.

काड्या

कामट्या बुरूड आळीतून आणा. टोपल्या-सुपं विणणाऱ्या माणसाला नुसतं ‘कंदिलासाठी’ म्हणून सांगा, तो पाव इंच रुंदीच्या, सारख्या जाडीच्या पट्ट्या काढून देतो. रविवारच्या बाजारात ज्या तयार जुड्या मिळतात त्यांत एक जाड, एक बारीक असं असतं, त्या घेऊ नका. खराट्याच्या काड्याही नकोत, त्या टोकाकडे निमुळत्या होतात. तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, सरळ दिसतात पण वाळल्या की गाठ बांधतानाच कडकन मोडतात. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, तर विचारच नको.

आमच्या कंदिलाची बाजू २० सेंटीमीटर. बांबूच्या दोन गाठींच्या मधल्या कांड्यातून एवढी काडी बिनगाठीची निघते, म्हणून हे माप. दोन्ही टोकांना बांधायला जागा हवी, तेव्हा काडी साडेएकवीसची कापा आणि दोन्हीकडून पाऊण सेंटीमीटरवर पेन्सिलने खूण करा. खुणेपासून खुणेपर्यंत २०. अशा २४ काड्या, शिवाय ३० सेंटीमीटरची एक. चार-पाच जास्तीच्या ठेवा.

ऑक्टोबरात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कामटी दोन दिवसांत चिरफळते. कापण्याआधी रात्रभर भिजवा, कापून झाल्यावर सावलीत सुकवा. उन्हात नाही.

सहा चौकोन

जुना पारंपरिक कंदील हातात घेऊन नीट बघा. त्याला सहा चौकोन आहेत: एक वर, एक खाली, आणि चार बाजूंना टोकावर उभे. उरलेल्या जागी आठ त्रिकोण आहेत. आता एकेका काडीवर बोट ठेवा. प्रत्येक काडीच्या एका बाजूला चौकोन आहे आणि दुसऱ्या बाजूला त्रिकोण. म्हणजे कुठलीही काडी दोन चौकोनांत सामाईक नाही. चार काड्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन, झाल्या चोवीस काड्या. त्रिकोणासाठी वेगळी काडी लागतच नाही. चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधले की त्रिकोण आपोआप तयार होतात.

हे एकदा लक्षात आलं की हवेत धरून काडीला काडी बांधण्याची कसरत संपते. जमिनीवर, सपाट, एकसारखे सहा चौकोन करायचे. सगळा कंदील या सहा चौकोनांच्या खरेपणावर उभा आहे.

आता पीळ कुठून येतो ते बघू. तीन काड्यांचा त्रिकोण बांधला की तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र कितीही घट्ट बांधा, कोपऱ्यांशी फिरतो आणि पतंगासारखा तिरका होतो. एक तिरका झाला की शेजारचे त्याच्यामागे जातात, कारण कोपरे एकमेकांना बांधलेले असतात. सगळा सांगाडा पिळत पिळत आत बसतो. या आकाराचं हे असं मिटत जाणं इतकं नेमकं आहे की बकमिन्स्टर फुलर या अमेरिकी रचनाकाराने त्याला ‘जिटरबग’ असं नावच दिलं होतं. त्याला त्यातली गंमत मोठी वाटली. आपल्याला ती थांबवायची आहे.

गाठी जास्त घट्ट करून हे थांबत नाही. हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की तो देणाऱ्याने कंदील टांगून दुसऱ्या दिवशी पाहिलेलाच नाही, अशी माझी खात्री झाली आहे. ‘कागद लावला की आपोआप ताठ होतो’ हा दुसरा सल्ला, आणि तो अधिक घातक, कारण तो अर्धा खरा आहे. कागद सांगाड्याला ताठ करतो, पण ज्या अवस्थेत सांगाडा असेल त्याच अवस्थेत. वाकडा असेल तर कायमचा वाकडा.

उपाय एकच: प्रत्येक चौकोनाला कर्णाचा आधार. सहाच्या सहा चौकोनांना. पाचांना देऊन सहावा मोकळा ठेवला तरी सांगाड्याला हलायला एक वाट शिल्लक राहते, आणि तो ती शोधतोच.

असं करा. फरशीवर खडूने २० सेंटीमीटरचा चौकोन आखा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे, म्हणजे जवळजवळ २८.३ सेंटीमीटर भरले, तरच चौकोन खरा. नुसत्या चार बाजू सारख्या असून भागत नाही, तिरक्या चौकोनाच्याही बाजू सारख्याच असतात. या आखणीवर चार काड्या ठेवा, खुणा कोपऱ्यांवर आणा, कामटीची सालीची बाजू कंदिलाच्या बाहेर येईल अशी ठेवा. कोपरा सुती दोऱ्याने बांधा: आधी फुलीचे चार वेढे, मग दोन काड्यांच्या मधून आडवे दोन वेढे घालून कसा. हे आडवे वेढे लोक गाळतात आणि गाठ सैल राहते. नायलॉनचा दोरा बांबूवरून निसटतो, तो नको.

चारही कोपरे झाले की चौकोन परत आखणीवर बसवा आणि काड्यांवर वजनं ठेवा. मग आधार द्या. तो कुठल्या चौकोनाला कसा द्यायचा, ते वेगवेगळं आहे.

बाजूच्या चार चौकोनांना दोऱ्याची फुली. दोन्ही कर्णांवर दोरा हवा, कारण दोरा ओढ सहन करतो, दाब नाही. एकच कर्ण बांधला तर चौकोन दुसऱ्या अंगाला पडतो. दोरा ताठ असावा पण काडी आतल्या बाजूला वाकेल इतका नको. काडी किंचित जरी कमानीसारखी झाली तरी सोडा आणि पुन्हा बांधा. काडीची फुली इथे वापरू नका, दिवा लागल्यावर तिची सावली कागदावर पडते. दोऱ्याची जवळजवळ दिसत नाही.

वरच्या चौकोनाला ती ३० सेंटीमीटरची काडी कर्णावर बांधा. काडी ओढही सहन करते आणि दाबही, म्हणून एकच पुरते. होल्डर याच काडीला लटकणार आहे.

खालचा चौकोन दिव्यासाठी हात जाईल इतका मोकळा हवा, म्हणून त्याला मधून काहीच नको. त्याच्या चार कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे पाच-पाच सेंटीमीटरचे त्रिकोण चिकटवा, लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा उत्तम. झिरमिळ्या लागल्यावर ते झाकले जातात. खालची बाजू मोकळी सोडायची म्हणून बहुतेक लोक इथे आधारच देत नाहीत. पिळलेले कंदील बघा, ते खालूनच पिळायला लागलेले असतात.

सगळ्या गाठींवर खळीचं बोट फिरवा आणि वजनांखाली रात्रभर राहू द्या. खळीसाठी दोन चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत ढवळा. काही जण तिच्यात मोरचूद घालतात. ते विष आहे, घरात लहान मुलं असतील तर अजिबात घालू नका. खळ रोज ताजी करा.

बांधणी

बाजूचे चार चौकोन टोकावर उभे करून शेजाऱ्याशी कोपरे बांधा, कडं तयार होईल. वर एक चौकोन, खाली एक. एकूण बारा गाठी. मग सांगाडा टांगून वरच्या एका कोपऱ्यातून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा. तो बरोबर खालच्या कोपऱ्यावर यायला हवा. चारही कोपऱ्यांना तपासा. इथे बोटभर फरक निघाला तर कागदाकडे जाऊ नका, कुठला चौकोन फसला आहे ते शोधा.

कागद

पतंगाचा कागद. चौकोन २० सेंटीमीटर बाजूचे चार, त्रिकोण २० बाजूचे आठ, सगळीकडून एक सेंटीमीटर दुमडायला जास्त ठेवून.

खळ काडीला लावा, कागदाला नाही. कागद ताणू नका, नुसता सपाट टेकवा. ओल्या खळीने तो थोडा फुगतो आणि सुकताना स्वतःच आखडतो. मुळात ताणलेला असेल तर काडीला ओढतो किंवा फाटतो. आणि समोरासमोरच्या बाजू एकामागोमाग घ्या, म्हणजे एका अंगाला ओढ पडत नाही. रंग तुमच्या आवडीचे. आमच्याकडे चौकोन पांढरे, त्रिकोण केशरी.

करंज्या आणि झिरमिळ्या पोरांवर सोपवा.

दिवा

पाच-सात वॅटचा एलईडी. जुना तापणारा बल्ब कागदापाशी नको, पणती तर कधीच नको. होल्डर काडीला सुतळीने बांधा, वजन वायरवर येऊ देऊ नका.

परदेशात हे काम करायला जाणार असाल तर

मुलं मोठी झाल्यावर आम्ही सुट्टीत श्रीलंकेला जायला लागलो, दक्षिण किनाऱ्याकडच्या एका बालगृहात मदतीला. मे महिन्यात तिथे वेसाक असतो, म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेची, वेसाक त्याच महिन्याच्या पौर्णिमेचा, त्यामुळे सासुरवाशिणींची पाठवणी झाली की आम्ही निघतो. वेसाकला तिथे घराघरांवर बांबूच्या पट्ट्यांचे आणि झिरझिरीत कागदाचे कंदील लागतात आणि त्यातला जुना प्रकार ‘अटपट्टम’ आपल्या कंदिलाचा जवळचा नातलग आहे.

तेव्हा पहिली गोष्ट: शिकवायला आलोय अशा आविर्भावात जाऊ नका. तिथल्या आजोबांना हे काम येतं. खळ शिजवा, मापं कापा, लहान मुलांचे कोपरे धरून बसा. तयार कंदिलांची पाकिटंही नेऊ नका. तिथे बांबू आहे, कागद आहे, दोरा आहे. कमी असतात ती दुपारभर बसणारी माणसं.

कामट्या सामानात घालू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत लाकूड-बांबूच्या वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात आणि जप्तही होऊ शकतात. इतर ठिकाणी नियम आधी विचारून घ्या. चाकू आणि कात्री मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. पर्यटक म्हणून गेल्यावर स्वयंसेवेचं काम चालतं का, हेही त्या संस्थेकडून लेखी घ्या. तोंडी ‘चालतं हो’वर विसंबू नका. आणि बालगृहातल्या मुलांचे फोटो काढून फिरवू नका. कंदिलाचा काढा.

तिथे पद्धत थोडी बदलावी लागते. खानदेशात खळ तासाभरात वाळते, तिथे समुद्राच्या दमट हवेत रात्रभर ओली राहते आणि दुसऱ्या दिवशी तिला वास येतो. म्हणून ती घट्ट शिजवा, पातळ थर द्या, चौकोन दोन रात्री वजनाखाली ठेवा. दमट हवेत कागद सैल पडतो. तिथे तो किंचित ताणून लावला तरी चालतो, इथे चालत नाही. मेच्या शेवटी पाऊस सुरू होतो, त्यामुळे कंदील पागोळीच्या आतच टांगा.

उतरवल्यावर

तुळशीच्या लग्नानंतर कागद काढून टाका, कारण खळीला झुरळं आणि उंदीर लागतात. ओल्या फडक्याने काड्यांवरची खळ पुसा. जोडाच्या बारा गाठी कापल्या की सहा चौकोन सपाट सुटे होतात. ते एकावर एक ठेवून जुन्या साडीत गुंडाळा आणि खिळ्याला टांगा. पुढच्या वर्षी फक्त दोऱ्याच्या फुल्या सैल झाल्यात का ते बघायचं आणि बारा गाठी मारायच्या.