या चुका टाळा: पोट भरल्यावरचा ‘काऊचा घास’

बहिणीकडे रात्रीचं जेवण ठरलेलं होतं. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवायचा, त्यावर कार्टून, आणि तिच्या सासूबाई नातवाला वरणभात भरवणार. भाचा सहा वर्षांचा. घास आला की तोंड उघडायचं, नजर जागची हलायची नाही. एकदा मधेच चार्जिंग संपलं. त्याने पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, “बास, पोट भरलं.” वाटी तेव्हा अर्धीच झाली होती. एरवी ती संपून वर दहीभातही जायचा.

मुलांचं वजन नको तितकं वाढतं ते घरातल्याच काही सवयींनी. मला विचाराल तर त्यातली सगळ्यात मोठी चूक हीच, स्क्रीनसमोर बसवून भरवणं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. स्क्रीनमध्ये बुडालेल्या मुलाचं तिकडे लक्षच नसतं.

याची सुरुवात फार आधी होते. जन्मतः तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोंच्या आसपास जातं. पुढे वर्षाला साधारण दोनच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपण मात्र “हल्ली काही खातच नाही” म्हणत वाटी घेऊन मागे धावतो. काय आणि कधी वाढायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाने. पानात टाकू नये हे खरंच, पण मग आधी वाढावंच कमी. लागलं तर मागेल की!

दुसरी चूक दुधाच्या कपात असते. नुसतं दूध पीत नाही म्हणून चॉकलेटी पावडर, वर चमचाभर साखर. डबा फिरवून बारीक अक्षरं वाचा, कित्येक पावडरींत वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी साखर निघेल. ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही. 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितलं. पावडर एकदम बंद केलीत तर घर डोक्यावर घेतील. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. बहिणीला महिना लागला.

“भाजी संपवलीस तर चॉकलेट” हेही सोडा, त्याने भाजी ही शिक्षा ठरते. आणि मालिका संपेपर्यंत मुलांना जागवू नका. शाळकरी मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, शिवाय रोज तासभर घाम येईल असं खेळणं. क्लासला रिक्षाने जाणं त्यात धरू नका.

आता मानेबद्दल. भाच्याच्या मानेमागे काळपट, जाडसर पट्टा दिसायला लागला. सासूबाईंनी मळ समजून महिनाभर बेसन-हळद लावून मान घासली. पोर कळवळायचं. डॉक्टरांनी सांगितलं, हा मळ नव्हे. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. असं काही दिसलं, किंवा मूल झोपेत रोज घोरत असलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. परस्पर भात-पोळी तोडू नका, आणि पाहुण्यांसमोर ‘जाड्या’ तर मुळीच म्हणू नका. या वयात बहुतेकदा वजन उतरवायचं नसतं. ते वाढू न देता उंचीला पुढे जाऊ द्यायचं असतं.

भाचा आता स्वतःच्या हाताने जेवतो, थोडं सांडतो. सासूबाईंचं म्हणणं, पोरगा वाळला. काट्यावर वजन जूनमध्ये होतं तेवढंच आहे, शाळेची पँट मात्र घोट्याच्या वर गेली.