सांताच्या वाटा मोजताना या चुका टाळा

नाताळच्या कोड्यांत हे कोडं हमखास असतं. नकाशा 4 चौकोन रुंद आणि 3 चौकोन उंच. सांता डावीकडे खालच्या कोपऱ्यात, घर उजवीकडे वरच्या कोपऱ्यात. चालायचं रेघांवरून, फक्त उजवीकडे किंवा वर. वाटा किती?

पहिली गफलत इथेच होते. 4 चौकोनांच्या ओळीत नाके (रेघा एकमेकींना मिळतात ते बिंदू) 5 दिसतात, म्हणून 5 आणि 4 धरले की उत्तर 126 येतं. मोजायची असतात पावलं: 4 उजवीकडची, 3 वरची, एकूण 7. त्यांतली वरची 3 कितवी, एवढंच ठरवायचं. 7×6×5 ला 3×2×1 ने भागलं की 35.

सूत्र आठवत नसेल तर उत्तमच, कारण तक्ता जास्त भरवशाचा आहे. खालच्या आणि डाव्या कडेच्या नाक्यांवर 1 लिहा. बाकी प्रत्येक नाक्यावर डावीकडचा आणि खालचा आकडा मिळवून लिहा. तक्ता तिरका धरला की पास्कलचा त्रिकोण दिसतो, म्हणजे ज्यात प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज असतो तो त्रिकोण. आपल्याकडे दहाव्या शतकात छंदशास्त्राचा टीकाकार हलायुध याने तोच मेरुप्रस्तार म्हणून मांडला होता.

आता वाटेत भेटवस्तू उचलायची आहे, 2 पावलं उजवीकडे आणि 1 वर असलेल्या नाक्यावर. तिथवर 3 वाटा, तिथून पुढे 6. इथे बरेच जण 3 + 6 = 9 करतात. पण पहिल्या टप्प्याची प्रत्येक वाट पुढच्या सहाही वाटांना जोडता येते, म्हणून 18. एकामागून एक येणारे टप्पे गुणायचे. एकाच नाक्यावर वेगवेगळ्या बाजूंनी येणाऱ्या वाटा मिळवायच्या.

तोच नाका बर्फाने बंद झाला, तर 35 − 18 = 17. आणखी एक नाका बंद असेल, समजा 3 उजवीकडे आणि 2 वर, तर त्यावरून जाणाऱ्या 20 वाटाही वजा करून उत्तर −3 येतं! दोन्ही नाक्यांवरून जाणाऱ्या 12 वाटा दोनदा वजा झाल्या. त्या एकदा परत मिळवा, 9 उरतात. तक्त्यात हा घोळ होतच नाही: बंद नाक्यावर 0 लिहून पुढे बेरीज करत जा. फक्त बंद नाका कडेवर असेल तर त्या कडेवरच्या पुढच्या नाक्यांवरही 0 येतो, सवयीने 1 लिहू नका.

कोड्यात ‘रस्ता बंद’ आहे की ‘नाका बंद’, हेही नीट वाचा. भेटवस्तूच्या नाक्यावरून उजवीकडे जाणारा एकच रस्ता बंद असेल, तर फक्त 3×3 = 9 वाटा जातात आणि 26 उरतात.