जोडीने गिरकी कशी घ्यावी: फॉर्मेशन स्कायडायव्हिंगमधला पीस टर्न

विमानातून उडी मारायची आणि पॅराशूट उघडण्याआधी, पडता पडता एकमेकांना धरून हवेत रचना करायच्या, हे फॉर्मेशन स्कायडायव्हिंग. त्याच्या चौघांच्या स्पर्धेत हाताशी ३५ सेकंद असतात. सुमारे १०,५०० फुटांवर विमान सोडलं की वेळ मोजायला सुरुवात होते. तेवढ्या वेळात ठरलेल्या रचना एकामागून एक करत राहायच्या आणि प्रत्येक अचूक रचनेचा गुण मिळवायचा. या रचनांमध्ये १६ रँडम असतात आणि २२ ब्लॉक. रँडम झाल्यावर चौघंही पकड सोडून सुटे होतात. ब्लॉकमध्ये मात्र रचना तुकड्यांत फुटते, बहुतेकदा दोन-दोनच्या जोड्यांत. अशा तुकड्याला पीस म्हणतात. पीसने आपसातली पकड न सोडता फिरायचं, म्हणजे पीस टर्न घ्यायचा, आणि पुन्हा दुसऱ्या पीसला जोडून घ्यायचं. या मधल्या टप्प्याचं नाव इंटर. त्यात जोडीची पकड सुटली की गुण कापला जातो, कारण पंच सोबतच्या कॅमेरामनचं चित्रण बघूनच निर्णय देतात.

स्कायडायव्हिंगचं लायसन्स हातात आहे आणि एकट्याने नीट उडता येतं, अशांनीच प्रशिक्षकासोबत हे करावं. उदाहरणासाठी सोपी जोडी घेऊ. पुढच्याच्या पायांवरचे ग्रिपर, म्हणजे पोशाखावरच्या पकडायच्या मुठी, मागच्याने धरलेत आणि दोघांना मिळून उजवीकडे ३६० अंश फिरायचंय.

आधी केंद्र ठरवा. या जोडीचा मध्य साधारण पकडीपाशीच येतो, म्हणजे पुढच्याच्या पायांजवळ आणि मागच्याच्या हातांजवळ. गिरकी त्या बिंदूभोवती व्हायला हवी. फुगडीत जसं दोघींपैकी कुणीच मध्यभागी नसतं, मध्य दोघींच्या मधोमध असतो, तसंच हे. फरक एवढाच, की फुगडीत हात ताणलेले असतात आणि इथे ओढाताण अजिबात चालत नाही. पुढचा स्वतःभोवतीच फिरू लागला, तर मागचा लांबवर झोकला जातो, सगळा पीस जागेवरून सरकतो आणि दुसरी जोडी तुम्हाला शोधत बसते. संथ पीस टर्न परवडतो, सरकलेला नाही.

मग जमिनीवर तालीम. आधी चालत डर्ट डाइव्ह, म्हणजे उडीची जमिनीवरची रंगीत तालीम करा, नंतर क्रीपर नावाच्या चाकांच्या फळीवर पालथं पडून. कुणी कुठे बघायचं, इशारा कोण देणार, हे इथेच पक्कं करा. हवेत बोलता येत नाही. मान हलली की निघायचं, एवढंच.

आता प्रत्यक्ष गिरकी. इशारा होताच दोन्ही पीस एकमेकांपासून स्वच्छ सुटले पाहिजेत. पुढचा आपली उजवी बाजू किंचित खाली झुकवतो आणि उजवीकडे वळत सरकतो. त्याच क्षणी मागचा डावीकडे सरकतो. त्याचे हात पकडीत अडकलेले असल्याने काम धड आणि पाय करतात: डावा गुडघा थोडा खाली, तळपायांवर हवेचा दाब. दोघांनी आपापलं शरीर उडवायचं. पकड धरून ठेवण्यापुरतीच घट्ट ठेवा. मागच्याने पाय खेचून जोडीदाराला वळवायचा प्रयत्न केला, तर पुढच्याचं शरीर पिळवटतं आणि वेग तिथेच मरतो.

नजर शरीराच्या आधी वळवा. अर्ध्या गिरकीत समोर मोकळं आकाशच असतं, म्हणून मान वळवून खांद्यावरून दुसरा पीस लवकरात लवकर शोधायचा.

उंचीकडे मात्र सतत लक्ष हवं. झुकून वळताना पीस थोडा खाली जातो. तसं जाणवलं तर छाती सपाट करून पडण्याचा वेग कमी करा. पोट खाली ढकलून कमान वाढवली, की आणखी खाली जाल. दुसऱ्या पीसच्या वर मात्र जाऊ नका. ताशी सुमारे २०० किलोमीटरने पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर विस्कटलेली हवा असते, तिला बर्बल म्हणतात. त्यात शिरलात तर आधार जातो आणि तुम्ही थेट खालच्याच्या अंगावर आदळता.

साधारण तीन चतुर्थांश गिरकी झाली, की ब्रेक लावायला घ्या: पुढच्याने डावी बाजू दाबायची, मागच्याने उजवी. पूर्ण फिरून झाल्यावर थांबायचं म्हटलं, तर उशीर झालेला असतो आणि पीस पुढे निघून जातो. थांबा, समोरच्याकडे बघा, मगच पकड घ्या. हात लांबवून पकडीच्या मागे लागू नका.

सराव विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून जोराची हवा सोडून तरंगवणाऱ्या बंदिस्त नळीत, सुरू करणं मला सगळ्यात पटतं, कारण केंद्र चुकलं की भिंत लगेच सांगते. आधी ९० अंश जमवा, मग १८०, आणि ते स्थिर झाल्यावर ३६०.

आकाशात करताना पांगायची उंची विमानात चढण्याआधीच ठरवा. पाच किंवा त्याहून कमी जणांच्या गटाने पॅराशूट उघडण्याच्या नियोजित उंचीच्या किमान १,५०० फूट वर पांगावं, असं यूएसपीए या अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारस सांगते. गिरकी अर्धी राहिली असली तरी त्या उंचीला पकड सोडायची आणि एकमेकांपासून दूर जायचं.

उतरल्यावर चित्रण बघताना आधी पकडीची जागा बघा. पडद्यावर त्या बिंदूवर बोट ठेवा आणि पूर्ण गिरकीत तो बोटाखालून किती हलतो ते तपासा. वेगाचा विचार त्यानंतर.